मोज्यातला तांदूळ

आमच्या शिंप्याला माझ्या शरीराची बातमी माझ्याआधी लागते. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं जे माप तो घेतो, ते माझ्या लग्नाच्या ब्लाउजला साडेनऊ इंच होतं. मुलाच्या मुंजीत साडेदहा. गेल्या दिवाळीत त्याने टेप लावली, वहीत साडेअकरा लिहिलं आणि अस्तर कुठल्या रंगाचं लावू, एवढंच विचारलं. ३६ वर्षांत त्याने या विषयावर एक अक्षर काढलेलं नाही. टक दर वेळी थोडे खाली उतरतात, ब्लाउज दर वेळी नीट बसतो.

यंदा जूनमध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी, मी एका प्लास्टिक सर्जनकडे जाऊन आले. छाती भरीव करून घेण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला. 'छाती' हाच शब्द मी काउंटरवरच्या मुलीशी बोलताना वापरला, तर तिने मला हृदयरोगाच्या डॉक्टरांचा मजला सांगितला. चूक तिची नव्हती. या अवयवाला घरात, रोजच्या बोलण्यात वापरायला मराठीत धड शब्दच नाही. 'स्तन' दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात असतो. 'ऊर' भरून येतो किंवा फुटतो. 'वक्षस्थळ' म्हटलं की समोर तलवार घेतलेला कोणी उभा असल्यासारखं वाटतं. आणि मूल पाजायची वेळ येते तेव्हा तर आपण 'अंगावर घेतलं' म्हणून मोकळे होतो, म्हणजे नेमक्या जागेचं नाव टाळायला अख्खं अंग पुढे करतो. शेवटी मी 'ब्रेस्ट' म्हणाले. मुलीने लगेच फॉर्म पुढे सरकवला.

फॉर्मवर 'शस्त्रक्रियेचे कारण' असा एक रकाना होता. मी तो रिकामा ठेवला. डॉक्टरांनी फॉर्म वाचला, रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं, मग चष्मा काढून म्हणाले, "मिस्टरांशी बोललात का?" माणूस सभ्य होता, स्वर काळजीचा होता. पण मला चार वर्षांपूर्वीची आठवण झाली. माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा मिस्टरांशी बोललात का, असं कोणीही विचारलं नव्हतं. विमा कुठल्या कंपनीचा आहे, एवढंच विचारलं होतं.

हा लेख त्या दोन प्रश्नांमधल्या अंतराबद्दल आहे.

मी सर्जनकडे गेले होते हे फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुला म्हातारचळ लागलाय." शब्द मजेदार आहे. चळ म्हणजे वेड. पुरुषाच्या उतारवयातल्या इच्छांसाठी आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, 'हिरवट'. हिरवट म्हातारा. त्यात नापसंती आहे, पण कुठेतरी कौतुकाचा ओलावाही आहे. झाड जुनं झालं तरी आत रस आहे, असं काहीसं. 'हिरवट म्हातारी' असं मी कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. बाईची इच्छा उतारवयात उरली तर ती हिरवी नसते, ती थेट वेडात जमा होते.

बहिणीने लगेच 'शारदे'तल्या भुजंगनाथाचा दाखलाही दिला. देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. स्वतःला तरुण समजणाऱ्या त्या थेरड्याला आपण सव्वाशे वर्षं हसत आलो आहोत, आणि हसलंच पाहिजे. पण त्याचा गुन्हा नटण्याचा नव्हता. एका कोवळ्या मुलीचं आयुष्य पैशांच्या जोरावर विकत घेण्याचा होता. तेवढं त्या गोष्टीतून काढून टाका, मग आरशासमोर उभा राहिलेला एक म्हातारा उरतो, आणि त्याच्यात हसण्यासारखं फार काही उरत नाही. मी कोणाचं आयुष्य मागत नाहीये. स्वतःच्या मुदतठेवीतले पैसे मोडायचे की नाही, इतकाच विचार करतेय.

माझ्या शरीरात आधीच काय काय बसवलं आहे त्याचा हिशोब एकदा मांडला. आयुष्य बँकेत गेल्यामुळे ती सवय आहे. उजव्या गुडघ्यात धातू आणि पॉलिथिन. डाव्या डोळ्यात कृत्रिम भिंग. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यात प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा बसवलं ते १९४९ साली लंडनमध्ये. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, त्यांवर सिरॅमिकचे दात. यांपैकी कशालाही घरात कोणी नाक मुरडलं नाही. उलट प्रत्येक वेळी पेढे वाटल्यासारखे फोन झाले. का ते उघड आहे. गुडघा बदलला की मी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाऊ शकते. भिंग बसवलं की तांदळातले खडे दिसतात. दात बसले की माझ्यासाठी वेगळा गुरगुट्या भात लावावा लागत नाही. सगळ्या दुरुस्त्या घराच्या कामाच्या आहेत. म्हातारीच्या शरीरात काहीही घाला, ते चालतं, फक्त त्याने ती उपयोगी राहिली पाहिजे. या एका अवयवाचा आता कोणालाच उपयोग नाही. मुलं पाजून झाली, नवऱ्याला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. अवयव सन्मानाने निवृत्त झालाय, आणि निवृत्ताने वाढीव खर्च मागायचा नसतो.

इथे मला कोणीतरी टोकेल की गुडघा दुखत होता, छाती दुखत नाही. हा फरक खरा आहे आणि मी तो पुसणार नाही. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं, तसं आरशासमोर कधी आलेलं नाही. मग कशासाठी? उत्तर इतकं साधं आहे की ते द्यायला संकोच वाटतो: मला ती आवडायची. पस्तिशीत, दोन बाळंतपणं होऊनही, न्हाणीघरात टॉवेल गुंडाळताना मला स्वतःचं अंग बघून बरं वाटायचं. हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायची गरज नव्हती आणि रीतही नव्हती. रजोनिवृत्तीनंतर दुधाच्या ग्रंथी आकसतात, त्यांची जागा चरबी घेते, आतून तोलून धरणारे तंतू सैलावतात. वरचा भाग रिकामा होतो आणि सगळं वजन खाली जमा होतं. यात विशेष काही नाही, सगळ्यांचं होतं. पण सगळ्यांचे केसही पांढरे होतात, आणि आमच्या सोसायटीच्या भिशीत रंग न लावणाऱ्या मी धरून तिघीच आहोत.

गरज आणि हौस यांच्यातली रेघ फार पूर्वीपासून अशीच वाकडीतिकडी आहे. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातल्या गाजलेल्या रुग्णांपैकी एक आपल्या मराठी मुलखातला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक घडवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४मध्ये ही हकीकत छापून आली, तिच्यात हा कारागीर विटा करणाऱ्यांच्या जातीतला असल्याचं म्हटलं आहे. ती वाचून युरोपातले सर्जन चकित झाले, आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये त्याच रीतीने नाक केलं. आता विचार करा. नाकाचं बोंडूक नसलं तरी श्वास घेता येतो. कावसजीला नाक हवं होतं ते चारचौघांत तोंड दाखवण्यासाठी. ज्या भाषेत नाक कापलं जाणं म्हणजेच अब्रू जाणं, त्या भाषेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाबा रे, ही तुझी गरज की हौस, असं त्याला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसेल. म्हणजे ज्या अवयवाशी समाजाची अब्रू जोडलेली असते तो गरजेत जातो, आणि ज्याच्याशी फक्त बाईचा स्वतःचा आनंद जोडलेला असतो तो हौसेत.

सरकारनेही ही रेघ ओढून ठेवली आहे. वस्तू आणि सेवा करात उपचारांना सूट आहे, सौंदर्य-शस्त्रक्रियेला नाही. मात्र जन्मजात दोष, वाढीतला बिघाड, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेलं पूर्ववत करायचं असेल तर सूट मिळते. आरोग्यविमा रूप बदलण्याच्या उपचारांना वगळतो, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना धरतो. या याद्यांमध्ये बाळंतपण नाही, वय नाही. कर भरायला माझी ना नाही, हौसेला मोल असतंच. गंमत एवढीच वाटते की झिजलेल्या गुडघ्याच्या बाबतीत वय हे कारण म्हणून चालतं.

माझी भाची समाजशास्त्र शिकली आहे. तिला बहिणीकडून कळलंच. ती म्हणाली, "मावशी, तुला जे तुझं वाटतंय ते तुझं नाहीये. ही सगळी पुरुषांची नजर आहे, तुझ्या डोक्यात जाऊन बसलेली." तिचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, आणि इतिहास तिच्या बाजूने आहे. सिलिकॉनच्या पिशव्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या त्या १९६२ साली, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला. टिमी जीन लिंडसी ही कारखान्यात काम करणारी, सहा मुलांची आई. ती रुग्णालयात गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. तिथल्या थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जनांनी नवं उपकरण तयार केलं होतं आणि ते बसवायला त्यांना बाई हवी होती. तिला विचारलं. ती म्हणाली, मला खरं तर बाहेर आलेले कान मागे करून हवेत. ठरलं, कानही करून देऊ. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या पहिल्या दिवशीच, पहिल्या बाईची मागणी कानांची होती आणि छाती डॉक्टरांची. यापेक्षा भक्कम पुरावा भाचीला कुठून मिळणार?

तरी मी तिचं निम्मंच मान्य करते. कारण ती ज्या नजरेबद्दल बोलतेय ती माझ्यावरून उठून दहा-बारा वर्षं झाली. रिक्षावाले आजी म्हणतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत आता हाताच्या कोपरांनी छाती सांभाळत चालावं लागत नाही. एकेकाळी सबंध पुण्यातल्या बायका तशाच चालायच्या. नजर गेल्याचं मला दुःख झालं नाही, सुटल्यासारखं झालं. पण नजर गेली आणि इच्छा मागे राहिली, तेव्हा लक्षात आलं की त्या इच्छेतला काही भाग माझा स्वतःचा होता. किती, ते मला सांगता येणार नाही. वाटणात घातलेलं मीठ पुन्हा वेगळं काढता येत नाही. आणि मला भाचीला विचारावंसं वाटलं, की २९व्या वर्षी दातांना तारा लावून घेतल्यास त्या कोणाच्या नजरेसाठी? विचारलं नाही. तारांमुळे तिला धड जेवता येत नव्हतं, दया आली.

या सगळ्यात ज्या बाईबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. ५९व्या वर्षी तिचा डावा स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. पोटाची किंवा पाठीची कातडी-चरबी वापरून, किंवा पिशवी बसवून, तो पुन्हा घडवता येतो, हे तिला शस्त्रक्रियेच्या आधी कोणी सांगितलं नाही. नंतर तिने स्वतःहून विचारलं, तर उत्तर मिळालं, "आता या वयात कशाला? जीव वाचला ना." जीव वाचला, हे खरंच. पण ती जुन्या सुती साडीच्या तुकड्याची घडी करून आत घालते, आणि ती घडी हलकी असल्यामुळे दुपारपर्यंत ब्लाउज एका बाजूने वर चढतो. दुसऱ्यांच्या घरी वाकून नमस्कार करायचा ती टाळते. देवळात हात जोडते, वाकत नाही. हे मला सांगायला तिला काही वर्षं लागली.

तिच्या उलट गोष्ट ऑड्री लॉर्ड यांची. या अमेरिकी कवयित्रीचा स्तन १९७८ साली काढला गेला. त्यांना कृत्रिम स्तन लावायचा नव्हता. टाके काढायला त्या तशाच गेल्या, तर तिथल्या नर्सने सुनावलं की तुम्ही असं येणं दवाखान्याच्या मनोधैर्यासाठी बरं नाही. 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये १९८० साली त्यांनी हे लिहून ठेवलं. माझ्या मैत्रिणीला हवा असताना मिळाला नाही आणि लॉर्ड यांना नको असताना लावायला सांगितलं गेलं. लॉर्ड तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, मैत्रीण साठीला टेकलेली. कोणत्या वयापर्यंत बाईला दोन स्तन असलेच पाहिजेत आणि कोणत्या वयापासून असले काय नसले काय, हे ठरवणारं कोणीतरी दोन्हीकडे हजर होतं, आणि ती दोन्ही वेळा बाई स्वतः नव्हती.

म्हणून मी 'या वयात' या दोन शब्दांवर भांडते. त्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात. एक म्हणजे तब्येत, जिच्याबद्दल बोलायलाच हवं. दुसरी म्हणजे शोभा, जिच्याबद्दल मी ऐकून घेणार नाही. मधुमेह नसलेली, तंबाखूला न शिवणारी, रक्तदाब गोळीवर ताब्यात असलेली ६३ वर्षांची बाई भूल द्यायला, रोज सिगारेट ओढणाऱ्या चाळिशीतल्या बाईपेक्षा सोयीची असू शकते. जखम भरताना जन्मतारीख विचारत नाही, रक्तपुरवठा विचारते.

तब्येतीचा भाग मात्र कडक आहे, आणि इथे माझं मत बहिणीच्या मताजवळ येऊन उभं राहतं, वेगळ्या वाटेने. या पिशव्या जन्मभरासाठी नसतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२१ साली ठळक चौकटीत छापायला लावलेल्या इशाऱ्यात हे स्पष्ट आहे. सिलिकॉनच्या पिशव्यांवर तिथे १९९२मध्ये निर्बंध आले, २००६मध्ये त्या पुन्हा बाजारात आल्या. २०१० साली फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरून पिशव्या जगभर विकल्या गेल्या होत्या, मालकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१९मध्ये ॲलर्गन कंपनीच्या खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्या मागे घेतल्या गेल्या, कारण त्यांच्याशी एका विरळा पण खऱ्या लिम्फोमाचा संबंध दिसला होता. पिशवीभोवती शरीर स्वतःचं एक आवरण विणतं, ते काहींच्या बाबतीत आवळतं आणि छाती दगडासारखी होते. पिशवी आत फुटली तर बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायचा सल्ला असतो. मॅमोग्राफी करताना पिशवी मागे ढकलून जादा चित्रं काढावी लागतात, तरी थोडा भाग झाकलेला राहतोच. माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि माझ्या वयात तो तपासत राहण्याला पर्याय नाही. मी बँकेची बाई. मला ही देखभालीची हप्तेबंदी स्वच्छ दिसली. आज बसवली आणि पंच्याहत्तरीला बदलायची वेळ आली तर तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणार, आणि सोबत कोण येणार, हेही बघावं लागणार.

डॉक्टरांनी गळ्याच्या खळगीपासून टेप लावली. २७ सेंटीमीटर. शिंप्याचीच आठवण झाली, फक्त याने आकडा मोठ्याने म्हटला. मग त्यांनी नमुन्याची पिशवी हातात दिली, २५० सीसीची. थंड, तिच्या आकाराच्या मानाने जड, दाबली तर शहाळ्यातल्या मलईसारखी थरथरणारी. म्हणाले, "सैल कातडीत नुसतं भरलं तर वजनाने आणखी खाली येईल. आधी वर उचलावं लागेल. तुम्हाला कदाचित भरायची गरजच नाही, नुसतं उचलून पुरेल." त्याचे वण राहतात, पण आत परकं काही राहत नाही. मी मॅमोग्राफी करून घ्यायचं कबूल केलं आणि घरी आले. पिशव्यांचा विचार त्याच संध्याकाळी जवळपास सोडला. उचलण्याचा सोडलेला नाही. बहिणीला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण ती म्हणेल, 'बघ, आली ना ताळ्यावर', आणि मी ज्या कारणाने मागे आले ते तिचं कारण नाही.

पण २५० सीसी म्हणजे अंगावर नेमकं कसं वाटतं, हे डोक्यातून जाईना. यासाठी काही बायका घरीच पातळ मोज्यांत तांदूळ मोजून भरतात, हे वाचलं होतं. मिस्टर घरी नसताना मुलाचे जुने सुती पायमोजे काढले, मापाच्या कपाने कोलम तांदूळ मोजला, गाठ मारली आणि ब्राच्या आत नीट बसवले. चार तास तशी वावरले. कुकर लावला, कपडे वाळत घातले, बाल्कनीतून खालच्या भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घातली. खांद्यावर पट्टा रुतत होता. आरशात पाहिलं. खरं सांगते, छान दिसत होतं. दुपारी पडले तर विसरून झोपले सुद्धा. चार वाजता काढून कपाटात साड्यांच्या मागे ठेवले.

रात्री हे शाल शोधत होते. हातात दोन्ही मोजे घेऊन बाहेर आले. माझा श्वास अडकला.

"अगं, गुडघ्याला शेकायला केलंस होय? सांगायचं नाही का, माझाही डावा दोन दिवस ठणकतोय."

मी काही बोलायच्या आत ते स्वयंपाकघरात गेले. तवा ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तांदूळ भाजल्याचा वास घेऊन आले, एक मोजा माझ्या गुडघ्यावर ठेवला, एक स्वतःच्या, आणि बातम्या लावल्या.

"चांगलं वजन धरतंय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "अडीचशे सीसी."

"काय?"

"काही नाही. आवाज वाढवा."